मॅडिसनचे उत्तर

सुरत,
१२ नोव्हेंबर १९६७

ती. उषाताईस,
श्रीकांतचा साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. अनारसे वाटेत मोडले, पण शाळेतल्या गुजराती मास्तरांनी चुरासुद्धा चमच्याने खाल्ला आणि तुला धन्यवाद कळवायला सांगितले. कळवले. आता कामाचे.

तुझ्या वाचनालयात अमेरिकन लोकांनी भेट पाठवलेल्या पुस्तकांचे एक कपाट आहे ना? गव्हाबरोबर आलेली पुस्तके, असे तू त्यांना म्हणाली होतीस. त्यात जेफरसनची पत्रे असतील तर मला एक पत्र हवे आहे. एका पिढीने काढलेले कर्ज दुसऱ्या पिढीवर लादता येत नाही, असे त्याने कोठेतरी लिहिले आहे. मी कॉलेजात असताना वाचले होते. शब्द विसरलो, ठिणगी विसरलो नाही.

कशासाठी, ते सांगतो. माझ्या शाळेतली निम्मी मुले सुरतेच्या मागांवर काम करायला खानदेशातून आलेल्या मागवाल्यांची. त्यांची बहात्तर घरे तापीच्या काठाला, अगदी उतारावर आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरबांधणी सोसायटी काढली आणि गणपतीत मी भाषणे करतो म्हणून मला अध्यक्ष केले. चिटणीस आहे बन्सीलाल, एका कारखान्यातला मुकादम. आता त्याने टूम काढली आहे की सरकारी कर्ज घ्यायचे, उधना गावापलीकडे उंचवट्यावरची जमीन घ्यायची आणि पावसाळ्याआधी सगळी वस्ती तिकडे हलवायची. फेड पंचवीस वर्षे, घरटी महिना अकरा रुपये.

पंचवीस वर्षे! ताई, माझ्या वर्गातली बाकं कशी रिकामी होतात ते मी पाहतो. बापाने मालकाकडून उचल घेतली की अकरा वर्षांचा पोरगा बॉबिन भरायला जातो. बापाची सही आणि पोराची बोटं. हेच आता सरकारी शिक्क्याने करायचे?

बन्सीलाल पुराची भीती घालतो. एकोणसाठ साली पाणी आले होते, हे खरे. पण आता वर उकाईचे धरण होते आहे, मग पूर कसला? आणि त्याला एवढी घाई का? जमीन कोणाची, भाव कोणी ठरवला, विचारले की हसतो. ज्या माणसाला प्रश्न विचारल्यावर हसू येते त्याच्या खिशाकडे बघावे.

पत्र शोध. फेब्रुवारीत सर्वसाधारण सभा आहे.

तुझा,
श्रीकांत


नाशिक,
२६ नोव्हेंबर १९६७

चि. श्रीकांत यास,
अनेक आशीर्वाद.

सापडले. जेफरसन तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता. ६ सप्टेंबर १७८९ रोजी त्याने मॅडिसन नावाच्या आपल्या मित्राला हे पत्र लिहिले. सारांश असा: पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठी आहे, मेलेल्यांचा तिच्यावर हक्क नाही. मग त्याने मृत्यूचे कोष्टक घेऊन हिशेब केला. आज जे प्रौढ आहेत त्यांतले निम्मे साधारण एकोणीस वर्षांत मरतात. म्हणून एकोणीस वर्षांपलीकडे जाणारे कर्ज हे त्याच्या मते मुलांवरचा जुलूम. पूर्ण उतारा वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला आहे.

तुझ्या पंचवीस वर्षांतली सहा जास्त होतात, हे तू ताबडतोब मोजशील. मला माहीत आहे.

पण दोन गोष्टी त्याच कपाटात सापडल्या, त्याही ऐक. एक: हा गृहस्थ स्वतः आयुष्यभर कर्जात होता आणि कर्जातच मेला. मग त्याच्या शेतावरच्या शंभराहून जास्त गुलामांचा लिलाव झाला. आयाबाया, पोरे, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना. त्याच्या कर्जाचा जुलूम कोणाच्या पिढीवर पडला ते बघ. दुसरे: मॅडिसनने ह्या पत्राला उत्तर दिले आहे. ते उत्तर दुसऱ्या खंडात आहे आणि तो खंड एका प्राध्यापकाने नेऊन ठेवला आहे. आला की लिहीन.

तू जमीन पाहिलीस का? पाहिली असशील तर त्याविषयी तू एक अक्षर लिहिले नाहीस. आणि नदीकाठच्या घरांवर एकोणसाठच्या पाण्याची खूण किती उंच आहे?

उषाताई


सुरत,
७ जानेवारी १९६८

ती. उषाताईस,
सा. न.

उतारा पाठ झाला. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी तालीम म्हणून चार जणांसमोर बोलून दाखवला. दगा नावाचा एक तरुण मागवाला आहे, त्याच्या तीन वर्षांच्या पोरीला मी मांडीवर घेतले आणि म्हणालो, "हिच्या विसाव्या वर्षीसुद्धा तुझं कर्ज फिटलेलं नसेल." दगा म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोलतस तवय आंगवर काटा येस." असा श्रोता मिळाला तर मी जेफरसनलाही हरवीन.

आता बन्सीलालचे ऐक. परवा तो मला म्हणतो, "मास्तर, बारडोलीचा साखर कारखाना काय रोकड्यावर उभा राहिला? कर्ज काढलं, ऊस पिकला, कर्ज फिटलं." मी म्हणालो, "हे तुझं नाही, हॅमिल्टनचं बोलणं आहे." तो म्हणाला, "कोणत्या कारखान्यात असतो?" सगळे हसले. पण हॅमिल्टन, अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, खरेच असे म्हणाला होता की राष्ट्रीय कर्ज हा आशीर्वाद ठरू शकतो. आणि त्याच्या कारकिर्दीत काय झाले? लढाईतल्या शिपायांना पगाराऐवजी दिलेली कागदे शहरातल्या सटोडियांनी कवडीमोलाने गोळा केली, कारण सरकार ती पूर्ण किमतीने घेणार, ही बातमी त्यांना आधी लागली होती. कर्ज निघते तिथे कानाला कान लागतात. बन्सीलाल आणि तो जमीनमालक कोणाच्या कानाला लागले आहेत, ते मी शोधून काढणार.

तू विचारतेस, जमीन पाहिलीस का. का विचारतेस? दोन महिन्यांत तू एकदाही बन्सीलालविषयी वाईट शब्द लिहिला नाहीस. त्याने तुला पत्र घातले आहे काय? त्याला तुझा पत्ता माहीत आहे. फराळाच्या डब्यावर होता. जमीन पाहायला गेलो तर तो म्हणेल अध्यक्षांनी पसंत केली. म्हणून गेलो नाही. खुणेचे म्हणशील तर ती माझ्या खांद्याला येते. पण तेव्हा उकाई नव्हती.

सभा रविवारी, ११ फेब्रुवारीला. मतदान आमच्या रीतीने होईल. निम्म्यांना सही येत नाही, आणि हात वर करावा तर मुकादम बघतो. म्हणून प्रत्येकाला ज्वारीचा एक आणि तुरीचा एक दाणा द्यायचा. ज्वारी म्हणजे हो, तूर म्हणजे नाही. एक दाणा मडक्यात टाकायचा आणि उरलेला तिथेच चावून खायचा. मग कोणाचा खिसा तपासून काही कळत नाही. ही रीत मी बसवली. बन्सीलालला ती मुळीच आवडत नाही, यावरून काय ते समज.

श्रीकांत


नाशिक,
३ फेब्रुवारी १९६८
(रजिस्टर, पोहोचेसह)

चि. श्रीकांत,
आशीर्वाद.

मला बन्सीलालने पत्र घातलेले नाही. घातले असते तर मी उत्तर दिले असते आणि तुला कळवले असते. हा विषय इथे संपला.

प्राध्यापकांकडून खंड आला. मॅडिसनने उत्तर लिहिले ती तारीख ४ फेब्रुवारी १७९०. उद्या बरोबर एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षे होतील. सभेच्या आत पोचावे म्हणून रजिस्टर करते आहे.

तो मित्राला फार अदबीने लिहितो, पण काही सोडत नाही. त्याचे म्हणणे असे: जमीन निसर्गाने दिली ती जिवंतांची, कबूल. पण मेलेल्यांनी त्या जमिनीवर जे बांधले, सुधारले, राखले, त्याचा लाभ जिवंत घेतात. मग त्याचा बोजाही त्यांच्यावर येतो. काही कर्जे तर मुख्यतः पुढच्यांच्याच भल्यासाठी काढलेली असतात. संकट परतवायला काढलेले कर्ज हे एकट्या एका पिढीने का फेडावे? संपूर्ण उतारा जोडला आहे.

आणि तुझ्या हॅमिल्टनचे वाक्य. तो म्हणाला होता, कर्ज अतोनात नसेल तर आशीर्वाद ठरेल. "अतोनात नसेल तर" हे शब्द तू गाळलेस. सटोडियांचे तू लिहिलेस ते खरे आहे. पण नवे कर्ज काढताना ते फेडायची सोयही त्याच वेळी लावावी, असेही तोच म्हणाला.

आता माझे. तू उकाईवर विसंबून नदीकाठी राहा म्हणतोस. उकाई कशावर उभी राहते आहे? सरकारने काढलेल्या कर्जावर. म्हणजे सरकारने तुमच्यासाठी कर्ज काढलेले चालते. तुम्ही स्वतःसाठी काढलेले मात्र जुलूम. आणि ते धरण पुरे व्हायला अजून वर्षे आहेत.

मी तुला कर्जाच्या बाजूने बोल म्हणत नाही. जमीन मी पाहिलेली नाही. एवढेच मागते की सभेत दोन्ही पत्रे वाच. आपण शाळेत असताना मी दोन पानांचे भाषण लिहून द्यायचे, आणि तू टाळ्या पडल्या की दुसरे पान खिशात ठेवायचास. दुसऱ्या पानावर नेहमी "परंतु" असायचे. ह्या वेळी ठेवू नकोस.

उषाताई


सुरत,
१४ फेब्रुवारी १९६८

ती. उषाताईस,
सा. न.

जिंकलो! तूर सत्तेचाळीस, ज्वारी बावीस. तीन माणसे गावी गेली होती.

दीड तास बोललो. पॅरिसमध्ये राज्यक्रांती पेटलेली, आणि तिथे बसून एक माणूस अजून न जन्मलेल्या पोरांच्या वतीने लिहितो आहे, हे मी उभे केले तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी प्रत्येकाचा सोसायटीचा समभागाचा कागद वर धरायला सांगितला आणि म्हणालो, "ह्या कागदावर आज कोणाचा बोजा नाही. हीच तुमची खरी मालमत्ता. जिवापाड जपा." दगाने तर तो कपाळाला लावला.

बन्सीलाल एवढेच म्हणाला, "मास्तर, तुमचा तो साहेब कोणत्या मजल्यावर राहायचा?" खोचक प्रश्न हे हरणाऱ्याचे लक्षण.

तुझे रजिस्टर पत्र सभा झाल्यावर, बारा तारखेला हाती आले. दुर्दैव. आधी आले असते तर अर्थातच वाचले असते. टपालखात्याचे काय चालले आहे कोण जाणे. पाकिटाची कड थोडी फाटलेली वाटली. कोणीतरी उघडून पाहिले असावे, असा मला दाट संशय आहे. बन्सीलालचा मेहुणा पोस्टात शिपाई आहे.

श्रीकांत


नाशिक,
२६ फेब्रुवारी १९६८

चि. श्रीकांत,
आशीर्वाद.

अभिनंदन. पोस्टातल्या शिपायावर संशय घेऊ नकोस. पोस्टमन वेळेवर येतात असा माझा तरी अनुभव आहे.

इकडे सर्व ठीक. लिहिण्यासारखे काही नाही.

उषाताई


नाशिक,
१३ ऑगस्ट १९६८

चि. श्रीकांत,

दोन तारा केल्या, उत्तर नाही. वर्तमानपत्रात तापीचे आणि सुरतेचे फोटो आहेत. एका फोटोत नुसती कौले दिसतात. कोठे आहेस? एक ओळ लिही. कोणाकडूनही लिहून घे. घरे किती गेली, माणसे किती, तो दगा, त्याची पोरगी. सभेचे आता काही विचारणार नाही.

उषाताई


सुरत,
२५ ऑगस्ट १९६८

ती. उषाताईस,

मी आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावर सात दिवस तीनशे माणसे होती, मी त्यांच्यात होतो. पोस्ट बंद होते. पाणी ओसरले तरी दारे उघडत नाहीत, इतका गाळ आत बसला आहे.

नदीकाठच्या बहात्तर घरांपैकी एकही उभे नाही. माणसे बहुतेक वाचली, कारण बन्सीलालने सकाळीच पाण्याचा रंग बघून घरोघर दारे ठोठावली आणि शिव्या देऊन सगळ्यांना बाहेर काढले. त्याच्या शिव्या मी शाळेच्या गच्चीवरून ऐकत होतो.

दगा गेला.

बायको शोभाबाई आणि दोन्ही पोरांना त्याने शाळेत आणून पोचवले. जिन्यात मला भेटला. म्हणाला, "मास्तर, कागद ऱ्हायना." मी विचारले, कोणता? तोवर तो खाली उतरला होता. समभागाचा कागद पत्र्याच्या पेटीत राहिला होता. पाणी तेव्हा कमरेला होते. तिसऱ्या दिवशी तो कतारगामच्या बाजूला सापडला. कागद त्याच्या बंडीच्या आत होता.

जिवापाड जपा, असे मी म्हणालो होतो. शब्द माझे होते.

काल चालत ती जमीन पाहायला गेलो. गवत होते, बकऱ्या चरत होत्या. कोरडी. एका खड्ड्यात पावसाचे पाणी होते, बस. मालक तिथेच भेटला. मी विचारले आणि त्याने सहज सांगितले की हो, बन्सीलालने दोनशे रुपये दलाली घेतली होती. वही दाखवली. त्याची सही.

म्हणजे ताई, माझा संशय खरा होता. संध्याकाळी बन्सीलालला विचारले. तो गाळ उपसत होता. फावडे खाली न ठेवता म्हणाला, "घेतली. चार महिने जमिनीसाठी हिंडलो, खाडे पडले, ते कोण भरणार होतं? पण जमीन वर आहे की नाही, ते बोला ना मास्तर." माणूस लबाड निघाला आणि त्याची जमीन खरी. मी इतके महिने माणूस तपासत बसलो, जमीन तपासली नाही.

तुझे पत्र त्या वेळी आधी मिळाले असते तर, असे सारखे वाटते.

श्रीकांत


नाशिक,
२ सप्टेंबर १९६८

श्रीकांत,

सोबत एक लहान गुलाबी कागद आहे. तो ओळखशील. रजिस्टर पत्राची पोहोच. पोस्टाने ती मला फेब्रुवारीतच परत पाठवली. तिच्यावर तुझी सही आहे, तुझ्या त्या फुलवलेल्या "श्री"सकट, आणि खाली तुझ्याच अक्षरात तारीख: ६ फेब्रुवारी. सभा अकराला होती.

पत्र वेळेवर पोचले होते. पाकीट कोणी फाडले असेल तर ते तू.

मी ती पोहोच सहा महिने कॅटलॉगच्या खणात ठेवली. तू स्वतः सांगशील, म्हणून थांबले. खोटे कशाला लिहू? थोडी गंमतही वाटत होती. माझ्या हातात तुझा एक हुकमाचा पत्ता होता. तेव्हाच तुला, किंवा तुझ्या सोसायटीला, सरळ लिहिले असते तर पावसाळ्याला चार महिने होते. तू पान खिशात ठेवलेस, मी पोहोच खणात ठेवली. दगाच्या मरणात माझाही वाटा आहे. तुझा जास्त आहे, पण माझाही आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हा लिहिली नव्हती. जेफरसनने ते पत्र सप्टेंबरात लिहिले, पण लगेच धाडले नाही. चार महिने स्वतःजवळ ठेवले, मायदेशी परतला आणि जानेवारीत मॅडिसनकडे पोचवले. मला वाटते त्याला स्वतःच्याच वाक्यांची धास्ती वाटली असावी. पण शेवटी त्याने ते कोणाकडे दिले? जो त्याला हो म्हणणार नाही, अशा माणसाकडे. टाळ्या वाजवणाऱ्यांपुढे त्याने ते आधी वाचले नाही.

पोहोच तुझी तुला परत. आता माझ्याकडे पुरावा नाही. काय करायचे ते तू ठरव.

उषाताई


सुरत,
१८ नोव्हेंबर १९६८

ती. उषाताईस,
सा. न.

अडीच महिने लिहिले नाही. सोसायटीची सभा काल झाली, ती झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सभा शाळेच्याच पटांगणात. दगाचा समभाग शोभाबाईच्या नावावर केला आहे, त्यामुळे ती पहिल्यांदाच सभासद म्हणून पुढच्या ओळीत बसली होती. कडेवर धाकटा.

मी भाषण केले नाही. सवय एवढी जुनी की उभा राहिलो तेव्हा आवाज आपोआप वर चढला; मी थांबलो, पाणी प्यालो, आणि बसून बोललो. प्रथम मॅडिसनचे उत्तर वाचले, तू लिहिलेस तसे, पूर्ण. मग खिशातून तो गुलाबी कागद काढला आणि म्हणालो, "हे पत्र माझ्याकडे सभेच्या पाच दिवस आधी आलं होतं. मी ते वाचलं होतं. ते सभेत वाचून दाखवलं असतं तर तुम्ही दुसरा दाणा टाकला असता, ही भीती वाटली म्हणून लपवलं. आणि माझ्या बहिणीला खोटं लिहिलं. बन्सीलालच्या मेहुण्यावर आळ घेतला, तोही खोटा."

कोणी ओरडेल असे वाटले होते. ओरडणे सोपे गेले असते. बन्सीलालच काय तो म्हणाला, "मेहुण्याला सांगतो. तो बिचारा तेव्हा टायफॉइडने पडला होता." थोडे लोक हसले. मग त्यानेही खिशातून दलालीचे दोनशे रुपये काढून मडक्याशेजारी ठेवले आणि म्हणाला, "कोणी मला महात्मा समजू नये. मास्तर बोलले म्हणून मला लाज वाटली, नाहीतर स्वतःकडेच ठेवणार होतो."

जमीन तीच. मालकाने पुरानंतर भाव वाढवला आहे; घरटी महिना अकराचे आता चौदा रुपये पडतात, तेवढीच पंचवीस वर्षे. मी आकडे सांगितले आणि दोन्ही बाजू सांगितल्या. मी अध्यक्षपदाचा राजीनामाही ठेवला. कोणी विचारले, "पण मास्तर, तुम्ही काय म्हणता?" मी म्हणालो, "कर्ज घ्यावं असं मला आता वाटतं. पण माझ्यावर जाऊ नका." तेवढे एक वाक्य मी बोलायला नको होते, हे नंतर कळले.

एक सभासद गावी गेला होता; बाकी एकाहत्तर जणांना दाणे वाटले. मडके फिरले. पटांगणभर माणसे चावत होती, तो आवाज मला आजपर्यंत कधी ऐकू आला नव्हता. मागच्या वेळी मी लोकांशी बोलण्यात गुंग होतो. मोजणी बन्सीलालने केली, मी समोर बसलो. ज्वारी सत्तर. तूर एक.

आणि ताई, इतके सगळे होऊनही माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? ही तूर कोणाची? मी एकेक चेहरा बघू लागलो. बन्सीलाल? भाव वाढल्यावर त्याचे मालकाशी बिनसले आहे काय? जुनी सवय.

शोभाबाई उठली. म्हणाली, "ती तूर मन्ही शे."

मी म्हणालो, "शोभाबाई, मत गुप्त असतं. सांगायची गरज नाही."

"माले सांगनं शे." तिने मूठ उघडली. तळहातावर ज्वारीचा दाणा होता, न खाल्लेला. "करजाले मन्हं ना नही, मास्तर. मी पैसा भरसू, समदासना पहिले भरसू. पन तवय तुम्ही ना सांगं, समदासनी तूर टाकी. आज तुम्ही हो सांगं, समदासनी ज्वारी टाकी. मन्हा मानूसनी बी तुम्हनं आयकीसनच टाकी व्हती. एक दाना तरी आपला आपला पडाले पाहिजे ना?"

मी जेफरसन वाचला, हॅमिल्टन वाचला, मॅडिसन वाचला. सत्तेवर पाळत ठेवावी म्हणून त्या सगळ्यांनी जाड जाड खंड लिहिले. ह्या बाईने ते एका तुरीत सांगितले, आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची तो मी होतो.

राजीनामा त्यांनी घेतला नाही. घेतला असता तर मला बरे वाटले असते, म्हणूनही घेतला नसेल. पण शोभाबाईने एक अट घातली आणि ती ठरावात गेली: सोसायटीसाठी येणारा कोणताही कागद अध्यक्षाने एकट्याने उघडायचा नाही. सर्वांसमोर फोडायचा, सर्व वाचायचा, मग ज्याला बोलायचे त्याने बोलावे. बन्सीलालने ठराव लिहिला, मी सही केली. साधी सही केली, फुलवली नाही.

आज सकाळी जमिनीच्या चार कोपऱ्यांना दगड बसवले. बकऱ्या अजून चरतात.

आता एक मागणे. कर्ज वेळेच्या आधी फेडायची सोय कशी लावावी, ह्याविषयी हॅमिल्टनने जे लिहिले ते मला, म्हणजे सोसायटीला हवे आहे. त्याच्या विरुद्ध कोणी लिहिले असेल तर तेही. पत्र रजिस्टर कर. पण माझ्या नावावर नको. शोभाबाईच्या नावावर कर. तिला सही येत नाही, पोहोचेवर अंगठा उठवील. पण ती पाकीट पटांगणात फोडील, आणि दुसरे पान आधी वाचायला लावील.

तुझा,
श्रीकांत